बंद न होणारा संगणक

(दुकान, दरवाजा, कागद, शाई, अर्ज असे कितीतरी शब्द मराठीत आणि उर्दूत सारखे आहेत. 'बंद' हाही तसाच शब्द. या पाठात लेखकाने आपल्या लहानपणची एक हकीकत सांगितली आहे.)

ही गोष्ट २००३ सालची. आम्ही तेव्हा पुण्याला कात्रजमध्ये राहत होतो. मी आठवीत होतो. घराच्या पुढच्या खोलीत माझ्या मोठ्या बहिणीचे, म्हणजे आपाचे, टंकलेखनाचे दुकान होते. दुकान कसले, एक टेबल, एक संगणक, एक छपाईयंत्र आणि गिऱ्हाइकासाठी दोन खुर्च्या. आपा 'इनपेज'वर उर्दू आणि 'श्रीलिपी'वर मराठी मजकूर टाइप करून देई. लग्नाच्या पत्रिका, अर्ज, शाळांच्या प्रश्नपत्रिका अशी कामे येत. त्या पैशांतून घराचे भाडे निघे.

सकाळी संगणक सुरू करणे आणि संध्याकाळी बंद करणे हे काम माझ्याकडे होते. मला त्याचा फार अभिमान वाटे.

ऑगस्ट महिन्यातल्या एका संध्याकाळी संगणक बंद होईना. मी नेहमीप्रमाणे 'शट डाउन'ची आज्ञा दिली. पडदा काळा झाला. त्यावर नारिंगी अक्षरे उमटली. आता संगणक बंद करण्यास हरकत नाही, अशा अर्थाचे ते इंग्रजी वाक्य होते. पण पंखा फिरतच राहिला. डब्यावरचा हिरवा दिवाही जळत राहिला. रोज ही अक्षरे दिसत नसत. रोज संगणक आपला आपण विझे.

दुसऱ्या दिवशी दुरुस्ती करणारा माणूस आला. त्याने निळ्या पडद्यावर काहीतरी बदलले, घड्याळाची वेळ लावली, शंभर रुपये घेतले आणि तो गेला. संगणक पुन्हा नीट बंद होऊ लागला. पण सहा दिवस झाले आणि पुन्हा तेच. तो माणूस पुन्हा आला, पुन्हा शंभर रुपये घेऊन गेला. तिसऱ्यांदा मात्र त्याने मान हलवली. "मदरबोर्ड गेला. नवीन घाला. चार हजार लागतील," तो म्हणाला. आपाने काही उत्तर दिले नाही. चार हजार रुपये म्हणजे तिची दोन महिन्यांची बचत होती.

मग मीच एक उपाय शोधला. नारिंगी अक्षरे आली की मी यूपीएसचे बटण दाबून टाकी. यूपीएस म्हणजे वीज गेल्यावर संगणकाला दहा-पंधरा मिनिटे वीज पुरवणारा डबा. तो बंद केला की संगणकाचा पंखा थांबे. आपा म्हणाली, "बरे झाले, चार हजार वाचले." मला शाबासकी मिळाली.

त्या दिवसांत आपाकडे एक गुरुजी येत असत. ते भोरकडच्या एका शाळेतून निवृत्त झाले होते. दर रविवारी एसटीने कात्रजचा घाट उतरून ते येत. मराठीत आलेल्या अरबी-फारसी शब्दांचा कोश त्यांनी तयार केला होता. चार वह्या भरल्या होत्या. आपा वह्या पाहून टाइप करी आणि गुरुजी शेजारी बसून नव्याने आठवलेली उदाहरणे तोंडी सांगत. एकदा त्यांनी मला विचारले, "पेशव्यांच्या काळात तुमच्या कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या नळाने शहरात पाणी नेले होते. ते पाणी कशात साठवत?" मी म्हणालो, "हौदात." ते हसून म्हणाले, "आणि हौद शब्द कुठून आला? अरबी हौज!" मग ते जुन्या शेतकऱ्यांच्या तोंडची एखादी म्हण सांगत, एखादा जात्यावरचा शब्द सांगत. ही उदाहरणे वहीत नव्हती. ती त्यांच्या डोक्यातून थेट संगणकात जात होती.

रमजानचा महिना आला. नोव्हेंबरमधला एक रविवार होता. गुरुजी पाच वाजता गेले. आपा 'ब' अक्षराची पाने पुरी करत होती. बंद, बाग, बाजार, बंदोबस्त. इफ्तारला थोडाच वेळ उरला होता. आपाने फाइल साठवली आणि ती अम्मीला मदत करायला आत गेली. जाताना मला म्हणाली, "तू बंद कर."

मी 'शट डाउन'ची आज्ञा दिली. पडद्यावर ढग असलेले चित्र आले. नारिंगी अक्षरे अजून आली नव्हती. आतून खजुराची ताटली ठेवल्याचा आवाज आला. अक्षरे येणारच आहेत, असे मनाशी म्हणून मी यूपीएसचे बटण दाबले आणि आत पळालो.

सोमवारी सकाळी संगणकाने स्वतःची तपासणी सुरू केली. ती संपायला बराच वेळ लागला. मग आपाने कोशाची फाइल उघडली. नाव होते, आत काही नव्हते.

आपाजवळ एका फ्लॉपीवर जुनी प्रत होती. फ्लॉपी म्हणजे त्या काळची साठवणीची चौकोनी तबकडी. पण ती प्रत तीन आठवड्यांपूर्वीची होती. तीन रविवारांचे काम गेले. वह्यांतला भाग पुन्हा टाइप करता येणार होता. तोंडी सांगितलेला भाग कुठून आणायचा? आपा रडली नाही. ती बराच वेळ त्या रिकाम्या पानाकडे पाहत बसली. मी बटणाविषयी कोणाला काही बोललो नाही.

ईदला मालेगावहून मामू आले. ते यंत्रमाग दुरुस्त करत. संगणकाला त्यांनी कधी हात लावला नव्हता. आपाने त्यांना सगळे सांगितले. "मदरबोर्ड गेलाय म्हणतात," ती म्हणाली.

मामू म्हणाले, "बेटी, आमच्या मागावर बाणा तुटला की माग आपोआप थांबतो. एक छोटा काटा असतो. त्याला धागा लागला नाही की तो पुढे निरोप देतो आणि पट्टा सुटतो. आता समज, धागा तुटूनही माग चालूच राहिला. तर मी काय मोटर बदलतो? निरोप कुठे अडला ते बघतो." मग ते माझ्याकडे वळले. "हे रोज होते का? पहिल्यांदा कधी झाले?"

कोणालाच नक्की सांगता येईना. आपाने पावत्यांच्या प्रती काढल्या. त्या पाहताना तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. काही पावत्यांवर १ जानेवारी १९९९ अशी तारीख छापलेली होती! संगणकाचे घड्याळ मागे गेले होते आणि आम्ही चुकीची तारीख छापत होतो. दुकानाच्या वहीत मात्र आपाच्या हातच्या खऱ्या तारखा होत्या. मामूंनी दोन्ही समोर ठेवून ताडून पाहिल्या. पहिली चुकीची पावती शुक्रवारची होती. दुरुस्ती झाल्यावर सहा दिवस तारखा बरोबर होत्या. पुढची चूक पुन्हा शुक्रवारी.

"गुरुवारी काय असते इथे?" मामूंनी विचारले.

अम्मी स्वयंपाकघरातून म्हणाली, "गुरुवारी? गुरुवारी लाइट जाते."

खरेच की! आमच्या भागात तारांच्या देखभालीसाठी दर गुरुवारी काही तास वीज बंद ठेवत. यूपीएस टीं टीं करू लागला की आम्ही तोही बंद करत असू.

"आणि सप्टेंबरनंतर रोजच चुकीची तारीख कशी?" मामू पुटपुटले. तेव्हा मला राहवले नाही. मी रोज यूपीएस बंद करतो, हे मी सांगितले. मग रविवारची गोष्टही सांगितली. आपाने माझ्याकडे पाहिले. मामू एवढेच म्हणाले, "आता यंत्र सुरू कर. आणि पडद्यावर जे येईल ते मोठ्याने वाच."

मी संगणक सुरू केला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे आली. रोज सकाळी ती येत आणि रोज मी 'एफ-१' ही कळ दाबून पुढे जाई. कळ कोणती दाबायची तेवढे मला ठाऊक होते. वाक्य मी कधीच वाचले नव्हते. आता अडखळत वाचले: सीमॉस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड. आपाने शब्दकोश काढला. संगणकाने जपून ठेवलेली मांडणी बिघडली आहे, म्हणून कारखान्यातली मूळ मांडणी भरली आहे, असा त्याचा अर्थ होता.

मामूंना एवढे पुरे होते. "घड्याळ मागे पडते. जपून ठेवलेले विसरते. तेही वीज पूर्ण तुटल्यावरच. अरे, भिंतीवरचे घड्याळ थांबले तर आपण आधी काय बघतो?"

"सेल!" मी ओरडलो.

विद्यार्थी मित्रांनो, येथे थोडे थांबून संगणकाच्या पोटात काय चालते ते समजून घेऊ.

जुन्या संगणकाचे बटण घरातल्या दिव्याच्या बटणासारखे होते. ते दाबले की वीज खरोखर तुटे. १९९५ साली इंटेल कंपनीने 'एटीएक्स' नावाची नवी रचना आणली. तिच्यात बटण वीज तोडत नाही. ते फक्त विनंती करते. संगणक बंद दिसत असला, तरी भिंतीतून वीज येत असेल तोवर त्याच्या मदरबोर्डवर ५ व्होल्टचा एक बारीक प्रवाह चालू असतो. नळाची तोटी बंद केली तरी मागच्या पाइपात पाणी असतेच, तसे हे आहे. म्हणून आज्ञा देऊन संगणक स्वतःच स्वतःला बंद करू शकतो. विंडोजसारखी मुख्य प्रणाली आधी सर्व फाइली नीट लिहून ठेवते, मग मदरबोर्डवरच्या 'बायोस' या कार्यक्रमाला निरोप देते, आणि मग मदरबोर्ड वीजपुरवठ्याच्या डब्याला थांबायला सांगतो. हा निरोप कसा द्यायचा याचे नियम इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९२ साली ठरवले. त्यांना 'एपीएम' म्हणतात. १९९६ साली तोशिबाही त्यांच्यात आली आणि 'एसीपीआय' हे नवे नियम झाले. आजचे संगणक याच नियमांच्या वाढवलेल्या रूपावर चालतात.

आमच्या संगणकात निरोप घेण्याची सोय बायोसच्या मांडणीत चालू करावी लागत असे. कारखान्यातल्या मूळ मांडणीत ती बंद होती. ही मांडणी आणि घड्याळ ज्या भागात जपले जाते, त्याला एक नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल जिवंत ठेवतो. भिंतीतली वीज असेपर्यंत त्या बारीक प्रवाहावरही भागते. सेल मेला आणि वीजही तुटली, की संगणक सगळे विसरतो. गुरुवारी तेच होत होते. दुरुस्तीवाला मांडणी पुन्हा लावून देई, ती पुढच्या गुरुवारपर्यंत टिके. आणि मी उपाय म्हणून रोज यूपीएस बंद करू लागलो, तेव्हा आठवड्यातून एकदा होणारी गोष्ट मीच रोजची करून ठेवली!

मग फाइल कशी गेली? आपण 'साठव' म्हणतो तेव्हा संगणक मजकूर कधी कधी आधी आपल्या चटकन चालणाऱ्या स्मृतीत ठेवतो आणि मागाहून तबकडीवर लिहितो. उरलेले लिहिणे बंद होताना पुरे केले जाते. फाइलचा मजकूर कोणकोणत्या जागी आहे, याची नोंदही तेव्हाच पक्की होते. मी नेमकी त्याच वेळी वीज तोडली होती. नारिंगी अक्षरांची वाट पाहणे म्हणजे ते लिहिणे संपण्याची वाट पाहणे होते.

मामूंनी प्लग काढायला लावला. डब्याचे झाकण उघडले. त्यांच्या पिशवीत वीज मोजायचा मीटर होताच. सेल काढून तपासला, तर दीड व्होल्टही भरला नाही. दुसऱ्या दिवशी मी आणि मामू बसने शहरात गेलो आणि बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून नवा सेल आणला. पंचवीस रुपये पडले. सेल बसवून आपाने बायोसमध्ये तारीख, वेळ आणि वीज-व्यवस्थापनाची नोंद लावली. मग मी 'शट डाउन'ची आज्ञा दिली आणि हात मागे बांधून उभा राहिलो. टक् असा आवाज झाला. पंखा थांबला.

मी टाळ्या पिटल्या. मामू मात्र म्हणाले, "एकदा थांबला म्हणून दुरुस्त झाला असे नाही. रात्रभर प्लग काढून ठेव. सकाळी बघू." सकाळी तारीख बरोबर होती. पांढरी अक्षरे आली नाहीत. संध्याकाळी संगणक आपला आपण विझला. तरीही मामूंनी गुरुवारपर्यंत मुक्काम वाढवला. अम्मीला वाटले, ते तिच्या हातच्या बिर्याणीसाठी थांबले आहेत. दोन्ही कारणे खरी असावीत.

आता काळ बदलला. मी स्वतः संगणक दुरुस्त करतो. 'बंद होत नाही' ही तक्रार अजूनही येते, पण कारणे वेगळी असतात. १९९९ साली आलेल्या विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत बंद होताना अडकण्याचा दोष बऱ्याच जणांना आढळला. मायक्रोसॉफ्टने त्यासाठी वेगळी दुरुस्ती काढली. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. तिच्यात 'शट डाउन' केले तरी संगणक पूर्ण विसरत नाही. चालू स्थितीचा काही भाग तबकडीवर लिहून ठेवतो, म्हणजे सकाळी लवकर जागा होतो. एखाद्या यंत्राला हे मानवत नाही. मग पडदा काळा होतो, पण पंखा फिरत राहतो. ही सोय बंद करून पाहिली की पुष्कळदा गाडी रुळावर येते. कधी एखादा कार्यक्रम मागे उघडा राहून अडून बसलेला असतो. कधी यूएसबीला लावलेली एखादी वस्तू अडवते. ती काढली की काम होते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे दोष कोठे होता ते कळते.

काहीच चालेना, तर संगणकाचे बटण चार-पाच सेकंद दाबून धरावे. वीज तुटते. पण आधी पाच-दहा मिनिटे वाट पाहावी आणि तबकडीचा दिवा लुकलुकत असेल तर मुळीच दाबू नये. वीजपुरवठ्याचा डबा मात्र कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात काही काळ जोराचा झटका बसेल एवढी वीज साठून राहते. मामूंनीही त्याला हात लावला नव्हता.

गुरुजींना मी स्वतः सांगितले. ते पुढच्या रविवारी आले, तेव्हा त्यांना एसटीच्या थांब्यावरून घरी आणताना वाटेतच सांगितले. ते दोन मिनिटे काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चल, पुन्हा सुरू करू. आता तू लिहून घे. कागदावर."

पुढचे चार रविवार मी त्यांच्या शेजारी वही घेऊन बसलो. ते सांगत, मी लिहून घेई, आपा टाइप करी. माझी मराठी त्या चार रविवारांत जितकी सुधारली, तितकी वर्षभरात सुधारली नव्हती. बहुतेक उदाहरणे त्यांना पुन्हा आठवली. 'ब'मधली काही मात्र आठवली नाहीत. ते डोळे मिटून बसत, बोटे मोजत, आणि मग म्हणत, "राहू दे. पुढचा शब्द घे."

शब्दार्थ

हकीकत – घडलेली गोष्ट
बाणा – कापडातला आडवा धागा
ताडून पाहणे – दोन गोष्टी शेजारी ठेवून तपासणे
मानवणे – सोसणे, जुळणे
पुटपुटणे – हळू आवाजात स्वतःशी बोलणे

स्वाध्याय

१. पहिली चुकीची पावती कोणत्या वारची होती? त्यावरून मामूंना काय विचारावेसे वाटले?
२. लेखकाच्या उपायामुळे बिघाड रोजचा कसा झाला, ते आपल्या शब्दांत लिहा.
३. फाइलचे नाव राहिले, पण मजकूर गेला. असे का झाले?
४. 'बंद' हा शब्द वापरून पाच वेगवेगळ्या अर्थांची वाक्ये तयार करा. (उदा. दुकान बंद आहे. दोघांचे बोलणे बंद झाले.)
५. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून मराठीत आणि उर्दूत सारखे असलेले वीस शब्द वहीत लिहा.